मातीतल्या पैलवानाच्या डोळ्यांचं लेझर : तपासणीपासून हौदापर्यंतच्या नोंदी

१२ मे

जत्रांची मैदानं आटोपली, म्हणून धाकट्या भावाचा चष्मा लेझरनं घालवायचं काम आता हातात घेतलंय. वय २१. नंबर उजव्याला उणे ३.७५, डाव्याला उणे ४.२५ आणि वर ०.७५ चा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. चष्मा लावून कुस्ती खेळता येत नाही. लेन्स घालून हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरणं त्याहून वाईट. तालमीच्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल मुरवलेलं असतं. त्यातला एक कण लेन्सखाली अडकला तरी बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, ओरखडा उठतो आणि तिथूनच जंतू आत शिरतात. त्यामुळे आजवर तो समोरच्याचा हात अंदाजानंच धरत आलाय. मॅटवर लांबचा गुणफलक तर त्याला दिसतच नाही.

तालमीतल्या आणखी काही पोरांच्या मनात हे करून घ्यायचं आहे. वस्तादांचा प्रश्न एकच : "मशिनीला किती मिनिटं लागत्यात ते नगं सांगू. प्वार मातीत कवा उतरंल ते सांग." त्यांच्यासाठी आणि घरात अशा पोरांची उस्तवार करणाऱ्यांसाठी या नोंदी. तारखा, ड्रॉप, पैसे सगळं माझ्याकडे आहे, म्हणून लिहितेही मीच.

आजचा दिवस फुकट गेला. जाहिरात बघून एका सेंटरला गेलो होतो. धाकटा कॉलेजला जाताना सॉफ्ट लेन्स वापरतो, काल रात्रीपर्यंत त्या डोळ्यांतच होत्या. तिथं कुणीही हे विचारलं नाही. सरळ मापं घेतली आणि पुढच्या आठवड्यातली ऑपरेशनची तारीख हातात दिली. मला पटलं नाही, म्हणून संध्याकाळी दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी ते कागद बाजूलाच ठेवले. लेन्सच्या दाबानं बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो. सॉफ्ट लेन्स निदान १ ते २ आठवडे आणि कडक लेन्स ३ ते ४ आठवडे बंद ठेवल्याशिवाय घेतलेल्या मापांवर लेझर करायचं नसतं. १,२०० रुपये गेले ते गेले, पण चुकीच्या मापावर डोळा कोरला गेला असता तर तो परत भरता आला नसता.

आजपासून लेन्स बंद, फक्त चष्मा. जे सेंटर लेन्सबद्दल स्वतःहून विचारत नाही तिथं पुढचं काही करू नका.

३० मे

पूर्ण तपासणी झाली. अख्खी सकाळ गेली. नंबर दोन वेळा काढला, एकदा नेहमीसारखा आणि एकदा बाहुली मोठी करून. बुबुळाच्या उंचसखलपणाचा नकाशा म्हणजे टोपोग्राफी, बुबुळाची जाडी, डोळ्याचं प्रेशर, पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाण्याचं माप, अंधारात बाहुली किती फाकते ते, आणि शेवटी डोळ्याच्या आतला मागचा पडदा. बाहुली मोठी करायचा ड्रॉप घातल्यावर काही तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सोसत नाही. त्यामुळे पेशंटनं गाडी चालवत जायचं नाही.

जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या मागितल्या. वर्षभर नंबर जागेवर असावा लागतो. वाढता नंबर असताना लेझर केलं तर तो नंतरही वाढत राहतो आणि चष्मा परत येतो. वय १८ च्या आत असेल तर विषयच नाही. आईनं सगळ्या चिठ्ठ्या रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे हे काम लगेच झालं.

जाडी दोन्हीकडे साधारण ५३० मायक्रॉन. एका नंबरामागे लेझर १२ ते १५ मायक्रॉन उडवतं, म्हणजे डाव्या डोळ्याचे ७० च्या आसपास जातील, डोक्याच्या एका केसाच्या जाडीएवढे. जाडीची अडचण नाही.

अडचण पडद्यात निघाली. डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या कडेला लॅटिस, म्हणजे जाळीसारखा विरळ झालेला पट्टा आहे आणि त्यात बारीक छिद्र. उणे नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो, त्यामुळे पडदा ताणला जातो. धाकट्याला काहीच त्रास नव्हता. ना काळे ठिपके, ना चमक. बुबुळाचं लेझर करायचं नसतं तर हे कळलंही नसतं. आणि हा पोरगा रोज डोक्यावर आपटतो. छिद्रातून पाणी पडद्याखाली शिरलं तर पडदा सुटतो, आणि सुटलेल्या पडद्याचं ऑपरेशन हे फार मोठं प्रकरण आहे. आधी छिद्राभोवती पडदा चिकटवून टाकणारं बराज लेझर, मग बाकीचं. डॉक्टर मॅडमनी एका वाक्यात निकाल दिला.

२ जून

बराज लेझर झालं. ड्रॉपनं डोळा बधिर केला, बुबुळाला एक जाड भिंग टेकवलं आणि छिद्राभोवती लेझरच्या ठिपक्यांचं रिंगण घातलं. काही मिनिटांचं काम. मधूनमधून आत ठणकल्यासारखं झालं, एवढंच तो म्हणाला. खर्च ६,०००.

घरी परतल्यावर शेजारपाजारचे विचारायला आले, "झालं का लेझर? चष्मा गेला?" म्हणून स्पष्ट लिहिते. हे लेझर वेगळं. ते पडद्यावर होतं, त्यानं नंबर एका टिंबानंही कमी होत नाही. त्या ठिपक्यांचे व्रण पक्के होऊन पडदा चिकटायला साधारण दोन आठवडे लागतात. मॅडमनी तीन आठवडे थांबायला सांगितलंय आणि तोवर वजन उचलणं, कुस्ती, सगळं बंद.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख महिनाअखेरीवर गेली. म्हणजे ऐन पावसात. आमचं घर कोल्हापूरबाहेर, पंचगंगेच्या पलीकडे. पाणी वाढलं की रस्ता बंद, आणि ऑपरेशननंतरची तपासणी चुकवून चालत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून शहरात आत्याकडं राहायचं ठरवलं.

१० जून

कोणतं लेझर, हे आज नक्की केलं. वस्तादांनाही सोबत नेलं होतं, कारण पुढं पोराला आवरणारे तेच.

लॅसिकमध्ये बुबुळाचा वरचा पापुद्रा कापून दारासारखा उघडतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. दुसऱ्या दिवशी माणूस कामावर जातो. ऑफिसात बसणाऱ्याला हे सोयीचं आहे. पण तो पापुद्रा, त्याला फ्लॅप म्हणतात, टाके न घालता बसवलेला असतो. कडा चिकटते, तरी पहिल्यासारखी एकजीव होत नाही. डोळ्यात बोट गेलं किंवा कोपर लागलं तर वर्षांनंतरही तो सरकल्याची उदाहरणं डॉक्टरांकडं असतात. कुस्तीत कोपर आणि बोट डोळ्याला रोज लागतं. मॅडम म्हणाल्या, "पैलवानाला मी फ्लॅप करणार नाही."

स्माइलमध्ये फ्लॅप नसतो. लहानशा चिरेतून आतली चकती ओढून काढतात. ते चाललं असतं, पण त्यांच्याकडं ते मशीन नाही आणि बाहेर आम्हाला सांगितलेला आकडा लाखाच्या पुढं होता. राहिलं पीआरके. हे सगळ्यात जुनं. बुबुळावरची पातळ साल खरवडून काढायची, उघड्या भागावर लेझर मारायचं आणि साल आपोआप परत येऊ द्यायची. कापलेला पापुद्रा नाही म्हणून सरकायलाही काही नाही. पण दुखणं जास्त आणि नजर सावकाश येते.

वस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी सोप्प्यात झटपट आन् अवघडात पक्कं. पक्कंच करा."

पीआरके दोन्ही डोळ्यांचे ३८,०००. लॅसिकचा आकडा मशीनप्रमाणं याच्या आसपासपासून दुपटीपर्यंत जातो. मेडिक्लेमची आशा धरू नका. नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर चष्मा घालवण्याचा खर्च आरोग्य विम्यातून वगळलेला असतो, पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत तसं लिहिलेलंच आहे. ते मी बँकेत येणाऱ्या कितीतरी लोकांना वाचून दाखवलंय.

२६ जून

आत्याकडं आलो. तयारी अशी : आज डोक्यावरून अंघोळ करून घ्यायची, कारण पुढं काही दिवस डोकं धुता येणार नाही. मालिश नाही, डोक्याला तेल नाही. उद्या अत्तर, सेंट, आफ्टरशेव्ह काहीही नाही, त्याची वाफ लेझरला चालत नाही. खोलीच्या खिडक्यांना आत्यानं चादरी लावल्या. ड्रॉप आधीच आणून ठेवले, कारण ऑपरेशन झाल्यावर मेडिकलमध्ये धावायला माणूस मोकळा नसतो. बिगर-प्रिझर्व्हेटिव्हचे कृत्रिम अश्रू फ्रिजमध्ये ठेवले.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गुजरीत, सराफ पेठेत, दागिन्यांचं बारीक काम करतात. वय ४३, नंबर उणे ३. त्यांनीही विचारलं, "मग मीबी करून घेऊ काय?" आम्ही त्यांचा प्रश्न मॅडमना फोनवर विचारला. उत्तर ऐकण्यासारखं होतं. उणे ३ वाला चष्मा काढला की फूटभर अंतरावरचं स्वच्छ बघतो, डोळ्याला ताण न देता. मामा आज तसंच जडाव बघतात. लेझरनं लांबचा नंबर गेला की ही सोय जाते, आणि चाळिशी लागलेलीच असल्यामुळे जवळच्या कामाला चष्मा चढतो. रस्त्यावर चष्मा नको असेल तर फायदा, बाकड्यावर बसून पोट भरणाऱ्याला तोटा. मामांनी विचार सोडला. चाळिशीच्या आसपासच्या प्रत्येकानं हे आधी विचारावं.

२७ जून

लेझरला खरोखर किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून लिहिलं.

साडेनऊला दवाखान्यात. संमतीपत्र वाचलं. वाचायचंच, नुसती सही करायची नाही. टोपोग्राफी पुन्हा. मग बसून राहिलो, कारण लेझरच्या खोलीत हवा ठरावीक थंडीची आणि ठरावीक ओलाव्याची लागते आणि बाहेर धो धो पाऊस. मशीनची चाचणी समाधानकारक आल्याशिवाय पहिला पेशंट आत घेतला नाही. मला ते बरं वाटलं. ११:१० ला धाकटा आत गेला, ११:३५ ला बाहेर आला. दोन्ही डोळे मिळून पंचवीस मिनिटं, आणि त्यात प्रत्यक्ष लेझर प्रत्येक डोळ्यावर साधारण अर्धा मिनिट.

आत काय झालं ते त्याच्या तोंडून : बधिर करणारे ड्रॉप, पापण्या उघड्या ठेवायला चिमटा, बुबुळावर एक गोल कडं ठेवून त्यात औषध ओतलं, मग साल बाजूला सारली. दुखलं नाही, फक्त सगळं धूसर झालं. मग दिव्याकडं बघत राहायचं. टकटक आवाज आणि जळक्या केसांसारखा वास. वासाचं आधी सांगितलेलं होतं म्हणून तो घाबरला नाही. नंतर डाग धरू नये म्हणून एका औषधाचा बोळा काही सेकंद, गार पाण्यानं धुणं आणि वर बँडेज लेन्स. या लेन्सला नंबर नसतो, ती सोललेल्या जागेवर पांघरूण म्हणून असते.

बाहेर आला तेव्हा हसत होता. "ताई, घड्याळ दिसतंय गं!" दुपारी दोनपर्यंत ते हसू संपलं. बधिरपणा उतरला.

२९ जून

दुसरा दिवस सगळ्यात वाईट. हे आम्हाला आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. वाळू टाकून चोळल्यासारखी आग, पाण्याच्या धारा, मोबाईलचा उजेडही सोसत नाही. शंभर किलोच्या गड्याला चितपट करणारा पोरगा उशीत तोंड घालून पडलाय. मला त्याच्याजवळून उठवत नव्हतं.

ज्याचा उपयोग झाला ते : दिलेल्या वेळेला गोळी, दुखायची वाट न बघता. फ्रिजमधले अश्रू-ड्रॉप दर तासाला. मिटल्या पापण्यांवर नाही, कपाळावर गार फडकं. झोपताना पारदर्शक ढाल चिकटपट्टीनं लावणं, कारण झोपेत हात डोळ्याकडं जातोच. जेवण भरवावं लागतं. थंडाई मात्र त्यानं स्वतः मागून घेतली.

जे करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. मेडिकलमधला एक ओळखीचा म्हणाला, "बधिर करायचा ड्रॉप देतो, एका थेंबात दुखायचं थांबंल." थांबतं, खरंच थांबतं. पण तो ड्रॉप परत परत घातला तर साल भरून यायचीच थांबते आणि बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. मी नको म्हणून सांगितलं, धाकट्यानं हात जोडले तरी. पुढं कुणावर ही वेळ आली तर द्रवू नका.

तिन्ही बाटल्या पांढऱ्या आणि अक्षरं मुंगीएवढी. झाकणांवर नेलपॉलिश लावलं : लाल म्हणजे स्टेरॉइड, हिरवी म्हणजे जंतुनाशक, कोरी म्हणजे अश्रू. स्टेरॉइडची बाटली हलवून घ्यायची. दोन ड्रॉपांत पाच ते दहा मिनिटांचं अंतर ठेवायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. भिंतीवर तक्ता लावून प्रत्येक थेंबानंतर खूण.

३० जून

पहाटे डाव्या डोळ्यातली बँडेज लेन्स निसटली. उशीवर सापडली, वाळून चामट झालेली. धाकटा म्हणाला, पाण्यात भिजवून परत घालू. नाही घालायची. डोळा बंद ठेवून सरळ दवाखाना. पाऊस होता, मामांनी रिक्षा आणली. मॅडमनी नवी लेन्स बसवली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पण निघाली त्या वेळात नवी साल थोडी खरवडली गेली होती. डावा डोळा उजव्याच्या मागं पडणार.

४ जुलै

उजव्याची लेन्स परवाच निघाली, डाव्याची आज. साल भरायला साधारण ३ ते ५ दिवस लागतात, डाव्यानं त्याहून जास्त घेतले. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेलाय आणि नदी चढतेय. ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ ला धोका. गावाकडचे फोनवर बंधाऱ्यावरचं पाणी किती फूट झालं त्याची बातमी देतात. घरी राहिलो असतो तर ३० तारखेला पहाटे दवाखान्यात पोचलो असतो का, हा विचार डोक्यातून जात नाही. पुराच्या पट्ट्यातल्यांनी एकतर पावसाच्या आधी करून घ्यावं, नाहीतर शहरात मुक्कामाची सोय बघावी.

दुखणं जवळजवळ गेलंय. उजेड अजून खुपतो.

६ जुलै

आज धाकटा रडला. "चष्मा होता तेच बरं होतं गं. नुसतं धुकं दिसतंय." पहिल्या दिवशी घड्याळ दिसणाऱ्याला आता समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत नाही.

मॅडमना विचारलं. चारी बाजूंनी वाढत आलेली साल बुबुळाच्या मध्यावर येऊन मिळते आणि तिथं एक कंगोरा तयार होतो. तो बरोबर नजरेच्या वाटेत असतो. तो सपाट होईपर्यंत दिसणं आधीपेक्षा खाली जातं. लॅसिकवाल्या मित्राशी तुलना करायची नाही, त्याची साल निघालेलीच नसते. हे पेशंटला ऑपरेशनच्या आधी दोनदा सांगून ठेवावं. आम्हाला सांगितलं होतं, पण दुखण्याच्या दिवसांत तो ते विसरला.

१२ जुलै

तक्त्यावर उजवा ६/९, डावा ६/१२ (६/६ म्हणजे पूर्ण नजर). मोबाईलवर अक्षरं मोठी करून वाचतो. बसून करायचं काम असेल तर आता करता येईल, पण दर अर्ध्या तासानं डोळे मिटून. मोटारसायकल नाही. जंतुनाशक बंद, स्टेरॉइड चालू आणि ते पायरीपायरीनं कमी होणार. एकदम सोडायचं नाही आणि आपल्या मनानं वाढवायचंही नाही. अचानक सोडलं तर बुबुळावर पांढरट डाग धरू शकतो, जास्त चाललं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं. म्हणून दर तपासणीला प्रेशर बघतात.

गावात डोळ्यांची साथ आलीय. तालमीत टॉवेल, बादली, पांघरुणं सगळी एकमेकांची. वस्तादांनी स्वतःच निरोप धाडला, "हिकडं फिरकू नगंस."

२८ जुलै

महिना झाला. दोन्ही ६/९, उजव्यात खालच्या ओळीतली काही अक्षरंही. प्रेशर ठीक. घरच्या घरी बैठका, दोरउड्या, चालणं सुरू. अट एकच, घाम डोळ्यात जाता कामा नये, म्हणून कपाळाला पट्टी. जोर मारताना डोकं खाली जातं आणि घाम थेट डोळ्यात उतरतो, म्हणून ते थोडे आणि थांबून थांबून.

आजवरचा हिशेब : वाया गेलेली तपासणी १,२००, पूर्ण तपासणी २,५००, बराज ६,०००, पीआरके ३८,०००, ड्रॉप-गोळ्या ५,२००, गॉगल ९००. एकूण ५३,८००. औषधांत सगळ्यात महाग पडतात ते अश्रूच. ते अजून महिनोन्‌महिने लागणार आहेत, हे आधी धरलेलं नसतं.

वेळेचा हिशेब वेगळा. पहिले चार-पाच दिवस घरातलं एक माणूस पूर्ण अडकतं, मला रजा टाकावी लागली. तो स्वतः दोन आठवडे काही कामाचा नव्हता. कमावत्या माणसानं एवढी रजा धरूनच तारीख घ्यावी.

२० ऑगस्ट

दिवसा स्वच्छ. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात, शिरोलीच्या हमरस्त्यावर तर सगळाच झगमगाट. काही महिन्यांत कमी होतील म्हणतात. रात्री गाडी अजून माझ्याच हातात. सकाळी उठल्यावर पापणी बुबुळाला चिकटल्यासारखी वाटते, म्हणून डोळे उघडायच्या आधीच कोपऱ्यात एक अश्रू-थेंब. उन्हात गॉगल सक्तीचा. पीआरकेनंतरच्या महिन्यांत कडक ऊन बुबुळावर डाग धरायला मदत करतं. ढगाळ दिवशी तो कंटाळा करतो, मी ऐकत नाही.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. आमच्या मंडळाचा गणपती निघाला आणि धाकटा गच्चीवरून बघतोय. कारण दोन. गुलाल डोळ्यात गेला की माणूस नकळत चोळतो, आणि या बुबुळाला आत्ता चोळणं नको. दुसरं, मिरवणुकीतला लेझरचा झोत थेट डोळ्यात शिरला तर पडदा भाजतो, आणि ते पीआरके न केलेल्यालाही तितकंच लागू आहे. त्याच्या जिवाला लागलं. मित्रांनी खाली रस्त्यात थांबून त्याच्या नावानं मोरया केला.

३० सप्टेंबर

तीन महिन्यांची तपासणी. उजवा ६/६. डावाही ६/६, शेवटची दोन अक्षरं अडखळत. नंबर उजव्यात शून्य, डाव्यात उणे ०.२५, त्याला चष्मा लागत नाही. बुबुळ स्वच्छ, डाग नाही. स्टेरॉइड बंद, अश्रू चालू. मॅटवरचा सराव दोन आठवड्यांपूर्वीच सुरू झालाय. मातीला आज परवानगी मिळाली.

वस्तादांच्या प्रश्नाचं उत्तर, आमच्या पोरापुरतं : मशीन अर्धा मिनिट, दुखणं तीन दिवस, कामापुरती नजर दोन आठवडे, माती तीन महिने. आणि त्याच्या आधी लेन्स बंद ठेवायचे आठवडे, आमच्याकडं पडद्याचेही. मे महिन्यात सुरुवात केली म्हणून दिवाळीनंतरची मैदानं हाती लागतायत. जो गणपतीनंतर सुरू करेल त्याचा हंगाम निम्मा जाईल.

१४ ऑक्टोबर

मातीत उतरला. पहिले काही दिवस फक्त जोडीदाराबरोबर सोपी पकड, अंगावर माती उधळायची नाही, असा वस्तादांचा हुकूम आहे. सराव झाला की स्वच्छ पाण्यानं तोंड धुवायचं, मग अश्रू-ड्रॉप, मगच टॉवेल, तोही स्वतःचा. तो म्हणतो, समोरच्याचा खांदा हलायच्या आधी त्याचे डोळे हलतात, हे आजवर त्याला माहीतच नव्हतं.

तालमीतल्या दुसऱ्या एका पोराची तपासणी याच आठवड्यात झाली. त्याला लहानपणापासून डोळ्यांना खाज आणि सारखं चोळायची सवय. टोपोग्राफीत बुबुळ खालच्या बाजूला फुगल्यासारखं आलं. केराटोकोनसची, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं फुगत जाण्याच्या आजाराची, शंका आहे. अशा बुबुळावर लेझर केलं तर ते आणखी अशक्त होऊन फुगत जातं, म्हणून त्याला सरळ नाही म्हटलं. खाजेचं औषध, चोळणं बंद आणि सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा. वाढत असेल तर ते थांबवायचा उपचार आहे, पण तो चष्मा घालवायचा नव्हे. पोरगं हिरमुसलं. त्याच्या आईला मी सगळं परत समजावून सांगितलं. वेळेत कळलं हे फार चांगलं झालं.

धाकट्याची पडद्याची तपासणी जानेवारीत, आणि पुढं दरवर्षी. नंबर गेला तरी डोळा आतून लांबटच राहिलाय, लेझरनं फक्त पुढची काच कोरली. काळे ठिपके एकदम वाढले, कडेला चमक दिसली किंवा डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं तर मैदान सोडून त्याच दिवशी डॉक्टर. हे त्याला, वस्तादांना आणि खोलीतल्या पोरांना सांगून ठेवलंय.